लखनौची शिबिरं आणि प्रश्न विचारण्याचा खर्च

आजचा विषय कागदावर जरा कोरडा दिसतो, पण तो आपल्यापैकी अनेकांच्या घरातला आहे. सरकार एखादी आरोग्य योजना आखतं, तेव्हा ‘हे करणं योग्य आहे का, समोरच्या माणसाला नीट सांगून-विचारून केलंय का’ हा प्रश्न त्या योजनेत कोण घालतं? आणि त्या प्रश्नाचा अभ्यास करायला पैसे कोण देतं?

या प्रश्नांच्या शास्त्राला बायोएथिक्स म्हणतात; मराठीत आपण जैवनीतिशास्त्र म्हणू. नाव भारदस्त आहे, पण काम साधं आहे. दवाखान्यात, प्रयोगशाळेत, शिबिरात माणसाच्या शरीराशी जे काही केलं जातं, त्यात त्या माणसाचा शब्द किती चालतो, हे तपासायचं. आता हे तपासून धोरणात बदल घडवायचा असेल, तर नुसता लेख लिहून भागत नाही. गावोगाव फिरावं लागतं, बायकांशी बोलावं लागतं, नोंदी ठेवाव्या लागतात, वकील गाठावा लागतो, वर्षानुवर्षं तारखांना जावं लागतं. या सगळ्याला पैसा लागतो. आज त्या पैशाचा इतिहास बघू, आणि त्यासाठी लखनौला जाऊ.

लखनौ का? कारण कुटुंबनियोजनाच्या नावाखाली आपल्या देशात ज्या शहरात सर्वांत मोठ्या रकमांचे निर्णय झाले, त्यांत लखनौ वरच्या रांगेत बसतं. कारण त्याच शहराच्या आसपास काही माणसांनी फार थोड्या पैशात एक प्रश्न विचारला आणि तो थेट सर्वोच्च न्यायालयापर्यंत नेला. आणि मराठी माणसाने हे का ऐकावं, तर राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या पाचव्या फेरीचे, म्हणजे २०१९ ते २०२१ चे आकडे बघा. महाराष्ट्रात १५ ते ४९ वयोगटातल्या विवाहित स्त्रियांपैकी जवळजवळ निम्म्या जणींची नसबंदी झालेली आहे. उत्तर प्रदेशात हे प्रमाण सुमारे १७ टक्के. म्हणजे लखनौच्या खटल्यातून जे नियम निघाले, त्यांचा संबंध उत्तर प्रदेशापेक्षा आपल्या घरांशी जास्त आहे. पुरुष नसबंदीचं देशभरातलं प्रमाण ०.३ टक्के आहे. ऑपरेशन करून घेतं कोण, हे यावरून कळतं.

थोडं मागे जाऊ. आणीबाणीत, १९७६-७७ या एका वर्षात देशात ऐंशी लाखांहून अधिक नसबंदी शस्त्रक्रिया झाल्या. केंद्राने उत्तर प्रदेशाला चार लाखांचं उद्दिष्ट दिलं होतं. राज्याने ते स्वतःहून पंधरा लाखांवर नेलं. ऑक्टोबर १९७६ मध्ये मुझफ्फरनगरला सक्तीविरुद्ध लोक रस्त्यावर आले तेव्हा पोलिसांनी गोळीबार केला, माणसं मेली. पुढे शहा आयोगापुढे नसबंदीनंतरच्या १,७७४ मृत्यूंची नोंद आली. अविवाहितांवर शस्त्रक्रिया केल्याच्या ५४८ तक्रारीही आल्या.

हे सगळं उत्तरेकडचं, आपल्याकडे असं नव्हतं, असं कुणी म्हणेल. तर तसं नाही. सक्तीच्या नसबंदीचं विधेयक विधिमंडळात मंजूर करणारं राज्य महाराष्ट्र होतं. १९७६ मध्ये ते मंजूर होऊन राष्ट्रपतींच्या संमतीसाठी गेलं, संमती मिळाली नाही, म्हणून कायदा झाला नाही. ज्या मुंबईत र. धों. कर्व्यांनी १९२१ साली संततिनियमनाचं केंद्र काढलं आणि पुढे ‘समाजस्वास्थ्य’मधून हा प्रश्न स्त्रीच्या सुखाचा आणि स्वातंत्र्याचा आहे असं पदरमोड करून सांगितलं, त्याच मुंबईत पन्नास-पंचावन्न वर्षांनी हे विधेयक पास झालं. दोन्हीकडे विषय एकच, संततिनियमन. फरक होता तो कुणाच्या मर्जीने करायचं यात.

आणीबाणीनंतर सरकारं गेली, पण पद्धत पूर्ण गेली नाही. ‘कुटुंबनियोजन’चं ‘कुटुंबकल्याण’ झालं, पुरुषांऐवजी बायका टेबलावर आल्या, आणि उद्दिष्टं राहिली. आरोग्यसेविकेला ‘केसेस’ आणायच्या, शिक्षकाला आणायच्या, तलाठ्यालासुद्धा. मार्च महिना जवळ आला की शिबिरं भरायची. ज्यांनी सत्तर-ऐंशीच्या दशकांत सरकारी नोकरी केली आहे, त्यांना हा मार्च आठवत असेल.

आता १९९२ कडे येऊ. सप्टेंबर १९९२ मध्ये भारत सरकार आणि अमेरिकेची युसेड ही मदत संस्था यांच्यात उत्तर प्रदेशासाठी एक करार झाला. रक्कम ३२.५ कोटी डॉलर. युसेडच्या तेव्हाच्या कुटुंबनियोजन प्रकल्पांत हा सर्वांत मोठ्यांपैकी एक. पैसा वापरायला १९९३ मध्ये लखनौला एक स्वतंत्र संस्था स्थापन झाली. तिचं लांबलचक इंग्रजी नाव कुणी घेत नाही. लखनौत तिला सिफ्सा म्हणतात. या प्रकल्पात पैसा देण्याची रीत नवी होती. नुसती बिलं लावून पैसे मिळायचे नाहीत. आधी ठरलेलं काम झालं, ते तपासलं गेलं, की मग हप्ता सुटायचा.

ही रीत वाईट नव्हती. सरकारी योजनांमध्ये पैसा खर्च झाला, कामाचं काय झालं कुणाला ठाऊक नाही, हा आपला नेहमीचा अनुभव. त्यावर हा उपाय होता. पण काम झालं म्हणजे काय झालं, हे मोजायला जे सोपं असतं तेच आधी मोजलं जातं. किती केंद्रं सज्ज झाली, किती कर्मचारी प्रशिक्षित झाले, किती जोडप्यांनी साधनं वापरली, हे मोजता येतं. एखाद्या बाईला ‘हे ऑपरेशन कायमचं आहे, याऐवजी दुसरे उपाय आहेत, नको असेल तर आत्ता उठून घरी जा’ असं कुणी शांतपणे सांगितलं का, हे मोजायला वेळ लागतो, मेहनत लागते, आणि मुख्य म्हणजे ते मोजण्याची इच्छा लागते.

त्याच वेळी जगात वारं बदलत होतं. १९९४ मध्ये कैरोला लोकसंख्येवरची आंतरराष्ट्रीय परिषद झाली. लोकसंख्येचे आकडे खाली आणणं हे ध्येय मागे पडलं आणि स्त्रीचं आरोग्य, तिची निवड, तिचा हक्क हे शब्द पुढे आले. भारत सरकारने एप्रिल १९९६ पासून देशभर उद्दिष्टं रद्द केल्याचं जाहीर केलं. अमेरिकेतही एक घडामोड झाली. पेरू देशात सक्तीच्या नसबंदीच्या बातम्या आल्या, गदारोळ झाला आणि १९९८ मध्ये तिथल्या संसदेने एक दुरुस्ती केली. टियार्ट दुरुस्ती म्हणून ती ओळखली जाते. अमेरिकेच्या पैशावर चालणाऱ्या कुटुंबनियोजनात शस्त्रक्रियांचे कोटे ठरवायचे नाहीत, केसेसच्या आकड्यांवर बक्षिसं द्यायची नाहीत, आणि बाईला समजेल अशा शब्दांत फायदे-तोटे सांगायचे, अशा अटी आल्या.

इथे जरा थांबून विचार करा. उत्तर प्रदेशातल्या बाईच्या संमतीचा एक नियम पेरूतल्या बायकांच्या दुःखातून निघाला, वॉशिंग्टनमध्ये मंजूर झाला आणि पैशाच्या अटीबरोबर लखनौत आला. नियम चांगला होता. पण तो लावणारा हात परदेशी खजिन्याचा होता आणि जितका तो पैसा पोचायचा तितकीच त्या नियमाची हद्द होती. त्याच राज्यात, सरकारच्या स्वतःच्या पैशावर भरणारं शिबिर त्या हद्दीबाहेर होतं.

मग आपल्याकडचे नियम? तेही होते. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेने १९८० मध्ये मानवावरील संशोधनासाठी नैतिक धोरण जाहीर केलं, २००० मध्ये सविस्तर मार्गदर्शक तत्त्वं काढली. पण ही तत्त्वं संशोधनासाठी. नसबंदी शिबिर हे संशोधन नाही, ती ‘सेवा’ आहे. त्यामुळे नव्या औषधाची चाचणी पन्नास माणसांवर करायची तर नैतिकता समितीची परवानगी हवी, आणि पन्नास बायकांवर एका दिवसात शस्त्रक्रिया करायची तर कुठल्याच समितीकडे जायची गरज नाही. शस्त्रक्रियेच्या दर्जाविषयी केंद्राच्या आरोग्य मंत्रालयाने १९९९ मध्ये मानकं छापली होती. ती चांगली होती. ती कितपत पाळली जातात, हे पाहून येण्यासाठी मात्र कुणाला पगार नव्हता.

जुलै २००० मध्ये उत्तर प्रदेशाने स्वतःचं लोकसंख्या धोरण जाहीर केलं. ते तयार करायला युसेडच्याच पैशावर चालणाऱ्या एका तज्ज्ञ प्रकल्पाची मदत होती. त्याच वर्षी फेब्रुवारीत आलेलं राष्ट्रीय धोरण ‘स्वेच्छा आणि माहितीपूर्ण निवड’ म्हणत होतं. राज्याच्या धोरणात मात्र कायदेशीर वयाआधी लग्न झालेल्यांना सरकारी नोकरी नाही, अशी तरतूद होती. ज्या मुलीचं लग्न बापाने पंधराव्या वर्षी लावलं, तिलाच पुढे नोकरी नाकारायची, म्हणजे बळी गेलेल्यालाच दंड. स्त्री संघटनांनी आणि आरोग्य कार्यकर्त्यांनी यावर टीका केली. जानेवारी २००३ मध्ये राष्ट्रीय मानवाधिकार आयोगाने संयुक्त राष्ट्रांच्या लोकसंख्या निधीच्या साथीने दिल्लीत एक परिसंवाद घेतला आणि अशा दंडात्मक तरतुदी मानवी हक्कांशी विसंगत आहेत, असं जाहीर केलं. त्याच वर्षी जुलैमध्ये सर्वोच्च न्यायालयाने हरियाणाच्या प्रकरणात, दोनपेक्षा जास्त मुलं असणाऱ्याला पंचायतीची निवडणूक लढवता येणार नाही, हा नियम वैध ठरवला. महाराष्ट्रातही असा नियम आहे, हे तुम्हाला माहीत आहेच. थोडक्यात, नैतिक प्रश्नावर देशाचंही एकमत नव्हतं.

आता ज्यासाठी आपण लखनौला आलो ती गोष्ट. उत्तर प्रदेश आणि बिहारमधल्या स्वयंसेवी संस्थांचं आणि कार्यकर्त्यांचं एक जाळं होतं, हेल्थवॉच उत्तर प्रदेश-बिहार. कैरोनंतर अशी जाळी उभी राहिली होती. फोर्ड, मॅकआर्थर यांसारखी प्रतिष्ठानं त्या काळात स्त्री-आरोग्यावर काम करणाऱ्या भारतीय संस्थांना अनुदानं देत होती. या कार्यकर्त्यांनी एक सरळ काम केलं. ते शिबिरांना गेले, पाहिलं आणि लिहून ठेवलं. सरकारने १९९९ मध्ये छापलेली मानकं एका हातात आणि समोरचं शिबिर. बाईची आधी तपासणी झाली का? संमतीपत्र वाचून दाखवलं का? जागा स्वच्छ होती का? नंतर त्रास झाला तर तिने कुणाकडे जायचं, हे कुणी सांगितलं का? उत्तरं बहुतेक वेळा ‘नाही’ अशी आली. २००४ मध्ये या कामावर अभिजित दास, रमाकांत राय आणि दिनेश सिंह यांचा लेख ‘इकॉनॉमिक अँड पोलिटिकल वीकली’त आला.

त्याआधीच, २००३ मध्ये, रमाकांत राय आणि हेल्थवॉच यांनी सर्वोच्च न्यायालयात याचिका दाखल केली होती. ‘रमाकांत राय विरुद्ध भारत सरकार’. १ मार्च २००५ रोजी न्यायालयाने आदेश दिला, आणि तो सगळ्या राज्यांना लागू होता. प्रत्येक राज्याने नसबंदी करणाऱ्या पात्र डॉक्टरांची यादी करावी. शस्त्रक्रियेआधी भरायची तपासणी-यादी असावी. संमतीपत्र सगळीकडे एकसारखं असावं. प्रत्येक राज्यात आणि जिल्ह्यात गुणवत्ता हमी समिती असावी. मृत्यू झाला तर एक लाख रुपये, कायमचं अपंगत्व आलं तर तीस हजार, अशी भरपाई असावी आणि विम्याची सोय व्हावी. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये केंद्राने कुटुंबनियोजन विमा योजना सुरू केली.

या आदेशात नवं तत्त्वज्ञान काहीच नव्हतं. बहुतेक गोष्टी सरकारच्याच १९९९ च्या पुस्तिकेत होत्या. कार्यकर्त्यांच्या अभ्यासाने एवढंच केलं, की पुस्तिका आणि शिबिर यांच्यातलं अंतर मोजून न्यायालयाच्या टेबलावर ठेवलं. ते अंतर मोजण्याचं काम बत्तीस कोटी डॉलरच्या प्रकल्पाकडून झालं नाही, सरकारी खात्याकडून झालं नाही. ते छोट्या अनुदानांवर आणि लोकांच्या पायपिटीवर झालं.

सरकार स्वतः असा प्रश्न विचारायला पैसे देतच नाही, असा निष्कर्ष काढायची घाई करू नका. त्याला आपल्याकडचाच दाखला आड येतो. ऐंशीच्या दशकात मुंबईत गर्भजलपरीक्षा करून मुलगी असेल तर गर्भपात, हा धंदा उघड चालू होता. लोकलच्या डब्यात जाहिराती लागायच्या. १९८६ मध्ये महाराष्ट्राच्या आरोग्य खात्याने, तेव्हा सचिव होते डी. टी. जोसेफ, या प्रकाराचा अभ्यास करायला सांगितलं. काम गेलं डॉ. नो. ह. अंतिया यांनी स्थापन केलेल्या संस्थेकडे, आणि तो केला डॉ. संजीव कुलकर्णी यांनी. मुंबईतल्या ५० स्त्रीरोगतज्ज्ञांना विचारलं, त्यांपैकी ४२ जण लिंगनिदानासाठी ही चाचणी करत होते. चौऱ्याऐंशी टक्के. बाहेर लिंगनिदानविरोधी मंच, स्त्री संघटना, काही डॉक्टर आंदोलन करतच होते. आता त्यांच्या हातात सरकारनेच करवलेल्या अभ्यासाचा आकडा आला. १९८८ मध्ये महाराष्ट्राने कायदा केला. अशा चाचण्यांवर बंधन घालणारा देशातला पहिला. केंद्राचा कायदा यायला १९९४ उजाडलं. त्याची अंमलबजावणी होत नाही म्हणून २००० मध्ये मुंबईची ‘सेहत’, पुण्याची ‘मासूम’ आणि साबू जॉर्ज पुन्हा सर्वोच्च न्यायालयात गेले, ती पुढची कहाणी.

मुंबई आणि लखनौ शेजारी ठेवून बघा. मुंबईत दोन वर्षांत अभ्यासाचा कायदा झाला, कारण ज्याला कायदा करायचा होता त्यानेच प्रश्नासाठी पैसे मोजले होते. उत्तर कुणाला पटवायचं हा प्रश्नच उरला नाही. लखनौत अभ्यास करणारे बाहेरचे होते, म्हणून सरकारला तो ऐकवायला न्यायालय लागलं. पण मुंबईच्या बाबतीत एक सोय होती, हेही मान्य करायला हवं. तिथे चुकत होते खासगी डॉक्टर. सरकारने दुसऱ्याची चूक मोजायला पैसे दिले. लखनौत चूक सरकारच्या स्वतःच्या शिबिरातली होती. स्वतःची चूक मोजायला स्वतःहून पैसे देणारं खातं सापडायला कठीण, मग राज्य कुठलंही असो.

यावर जगात एक प्रयोग झालाय. अमेरिकेत मानवी जनुकांचा नकाशा काढण्याचा प्रचंड प्रकल्प सुरू झाला, तेव्हा त्याचे पहिले प्रमुख जेम्स वॉटसन यांनी जाहीर केलं, की या प्रकल्पाच्या पैशातला एक वाटा नैतिक, कायदेशीर आणि सामाजिक प्रश्नांच्या अभ्यासाला जाईल. १९९० पासून तो वाटा आधी तीन टक्के आणि मग पाच टक्के राहिला. पुढे तिथल्या कायद्यातच त्याची तरतूद झाली. जीवशास्त्राच्या एका प्रकल्पाने आपल्या टीकाकारांसाठी आपल्याच तिजोरीतून पैसे काढून ठेवले, हे तोवर झालं नव्हतं.

आता गंमत म्हणून लखनौचा हिशेब करू. ३२.५ कोटी डॉलरचे तीन टक्के म्हणजे साडेसत्त्याण्णव लाख डॉलर. एवढ्या पैशात उत्तर प्रदेशातल्या प्रत्येक जिल्ह्यात शिबिर बघून येणारी, बायकांशी महिन्याभराने पुन्हा बोलणारी माणसं कित्येक वर्षं नेमता आली असती. तसं झालं नाही.

यावर एक आक्षेप आहे आणि तो खरा आहे. ज्याचं मीठ खायचं त्याच्याविरुद्ध बोलायचं कसं? अमेरिकेतल्या त्या पाच टक्क्यांवरही हीच टीका झाली. नीतितज्ज्ञ प्रकल्पाच्या पगारावर आले, मग त्यांचे प्रश्न सौम्य झाले, ‘हे करावं का’ हे विचारणं मागे पडलं आणि ‘कसं करावं’ यावर निबंध आले, असं म्हटलं गेलं. म्हणून मला वाटतं, नुसता वाटा काढून ठेवणं पुरेसं नाही. तो वाटा कुणाच्या हातात असतो, हे महत्त्वाचं. आरोग्य खात्याचा पैसा आरोग्य खात्यानेच वाटला तर उत्तर आधीच ठरलेलं असतं. तोच वाटा मानवाधिकार आयोगाकडे, विद्यापीठाकडे किंवा विधिमंडळाच्या समितीकडे दिला, तर प्रश्नाला थोडी धार राहते.

दुसरी बाजूही सांगायला हवी. युसेडच्या पैशाला नुसती नावं ठेवून चालणार नाही. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीची पहिली फेरी १९९२-९३ मध्ये झाली ती युसेडच्या मदतीने. याच पाहणीच्या पुढच्या फेऱ्यांतून ‘तुम्ही वापरत असलेल्या साधनाचे दुष्परिणाम तुम्हाला कुणी सांगितले का’ हे विचारलं गेलं. चौथ्या फेरीत, २०१५-१६ मध्ये, ‘हो’ म्हणणाऱ्या निम्म्याहून कमी होत्या. पाचव्या फेरीत ६२ टक्के. हा आकडा नसता तर आज मी तुम्हाला सुधारणा झाली की नाही, हेसुद्धा सांगू शकलो नसतो. म्हणजे एकाच पैशातून शिबिरंही चालली आणि शिबिरांविषयीचा प्रश्नही आला. पैशाला एकच रंग नसतो.

२००५ च्या आदेशानंतर सगळं सुरळीत झालं का? ७ जानेवारी २०१२. बिहारच्या अररिया जिल्ह्यात एका शाळेत रात्री शिबिर झालं. दोन तासांत ५३ बायकांवर शस्त्रक्रिया. देविका बिस्वास या आरोग्य कार्यकर्तीने याचिका केली. ती चालू असतानाच नोव्हेंबर २०१४ मध्ये छत्तीसगडमधल्या बिलासपूर जिल्ह्यात एका शिबिरात एकाच डॉक्टरने काही तासांत ८३ बायकांवर शस्त्रक्रिया केल्या. नियमाने दिवसाला ३० पेक्षा जास्त करता येत नव्हत्या. त्या दिवसांतल्या शिबिरांनंतर तिथे १३ बायका दगावल्या. बिलासपूरचं शिबिर झालं तेव्हा समित्या होत्या, याद्या होत्या, संमतीपत्रंही होती.

१४ सप्टेंबर २०१६ रोजी न्यायमूर्ती मदन लोकूर आणि उदय लळीत यांनी ‘देविका बिस्वास’ प्रकरणाचा निकाल दिला. तीन वर्षांत शिबिरांची पद्धत बंद करा, असं सांगितलं. गुणवत्ता हमी समित्यांनी दरवर्षी अहवाल प्रसिद्ध करावेत, असं सांगितलं. आणि एक बारीक सूचना दिली, जी मला सगळ्यांत महत्त्वाची वाटते. बाईला तिच्या भाषेत सगळं समजावून सांगा, समजावल्याचं प्रशिक्षित समुपदेशकाकडून लिहून घ्या, आणि सही करण्याआधी तिला विचार करायला तासभर द्या. मन बदललं तर बदलू दे.

हा तास फुकट येत नाही. समुपदेशकाचा पगार लागतो, बसायला जागा लागते, दिवसाला कमी शस्त्रक्रिया होतात. आणि तो तास खरोखर दिला जातो का, हे पाहून येणाऱ्यालाही भाकरी लागते. पहिल्या खर्चाची जबाबदारी न्यायालयाने सरकारवर टाकली. दुसरा खर्च कोण करणार, हे निकालात नाही.

तो करणारे हात आता कमी होताहेत. परदेशी देणग्यांवर नियंत्रण ठेवणारा आपला कायदा मुळात १९७६ चा, म्हणजे आणीबाणीतलाच. २०१० मध्ये नवा आला, २०२० मध्ये तो आणखी कडक झाला. एका संस्थेने दुसऱ्या छोट्या संस्थेला परदेशी देणगीतला वाटा देणं बंद झालं आणि प्रशासकीय खर्चाची मर्यादा ५० टक्क्यांवरून २० वर आली. मोठ्या संस्थेने पैसा आणायचा आणि गावपातळीवरच्या पाच-सहा छोट्या गटांना वाटून त्यांच्याकडून माहिती गोळा करायची, ही हेल्थवॉचसारख्या जाळ्यांना सोयीची रीत त्यामुळे संपली. परदेशी पैशावर नजर असावी यात चूक नाही. पण ती रीत गेल्यावर देशातला पैसा त्या जागी यायला हवा होता. उद्योगांच्या सामाजिक जबाबदारीच्या निधीतून शाळेच्या खोल्या होतात, रुग्णवाहिका येतात. सरकारी शिबिरातल्या संमतीची तपासणी करायला निधी देणारी कंपनी मिळणं अवघडच. आणि २०२५ च्या जुलैमध्ये युसेड ही संस्थाच अमेरिकेने बंद केली. ज्या पैशाबरोबर वॉशिंग्टनचे नियम लखनौत आले होते, तो पैसाही गेला आणि नियमाची ती एक दोरीही.

दरम्यान जुलै २०२१ मध्ये उत्तर प्रदेशाने नवं लोकसंख्या धोरण जाहीर केलं. सोबत राज्याच्या विधी आयोगाने दोन मुलांच्या नियमाचा कायद्याचा मसुदाही पुढे ठेवला. २००० च्या धोरणात २०१६ पर्यंत दर स्त्रीमागे २.१ मुलं असं ध्येय होतं. पाचव्या पाहणीत हा आकडा २.४ निघाला. सक्ती न करता, मुली शिकल्या तसा तो उतरतच होता. पण हा युक्तिवाद मसुद्यावर चर्चा होताना कुणीतरी आकड्यानिशी मांडायला लागतो, आणि तो मांडणाऱ्याचा पगार कुठल्याच मसुद्यात नसतो.

माझं म्हणणं मी एका मागणीवर आणतो. केंद्राच्या आणि राज्यांच्या कुटुंबनियोजनाच्या तरतुदीतला एक ठरावीक, छोटा वाटा संमतीची आणि दर्जाची स्वतंत्र तपासणी करायला बाजूला ठेवावा, आणि तो आरोग्य खात्याच्या हाती नसावा. हा वाटा मिळेपर्यंत एक काम तुम्ही-आम्ही बिनपैशाचंही करू शकतो. आपल्या जिल्ह्याच्या गुणवत्ता हमी समितीत कोण आहेत, तिने शेवटचा वार्षिक अहवाल कधी प्रसिद्ध केला, त्यात किती बैठकांची नोंद आहे, हे माहितीच्या अधिकारात विचारायचं. अर्जाला दहा रुपये लागतात. पुणे असो, नांदेड असो, इंदूर असो की बेळगाव, समिती सगळीकडे असायला हवी, कारण २००५ चा आदेश सगळ्या राज्यांना आहे. उत्तर आलं तर इथे कळवा. आलं नाही तर तेही कळवा. तीसुद्धा एक नोंदच आहे.